गळाला लागलेला मासा किती किलोचा? मराठवाड्यातून कोकण किनाऱ्यावर जाणाऱ्यांसाठी मोजमापाची पद्धत

छत्रपती संभाजीनगरहून अलिबागकडे निघालं की साडेतीनशे-चारशे किलोमीटर पडतात. नांदेड-लातूरहून रत्नागिरी गाठायची तर त्याहून बरंच जास्त. एवढं अंतर कापून खडकावर उभं राहायचं, मासा लागायचा, आणि मग त्याच्या आकारावरून दिवसभर वाद घालायचा, असं नेहमी होतं. एक म्हणतो सहा किलो, दुसरा म्हणतो चार. फोटोत तो दहा किलोचा दिसतो.

आकार नेमका कळण्याची गरज मात्र वादापुरती नाही. मासा ठेवायचा की सोडायचा, हे लांबीवर ठरतं. परतीच्या प्रवासाला बर्फ किती घ्यायचा, हे वजनावर ठरतं. पुढच्या वेळी रीलवर किती ताकदीची दोरी भरायची, तेही त्यावरूनच कळतं. सोडून द्यायच्या माशाला वजनकाट्यावर लटकवणं बरं नसतं. त्यामुळे टेपने लांबी आणि घेर घेऊन वजन काढता येणं हे समुद्रावरचं मूळ कौशल्य आहे. ते शिकायला समुद्र लागत नाही. शेततळ्यातल्या रोहू-कटल्यावर किंवा पैठणच्या मासळीबाजारात हात बसवून गेलात, तर किनाऱ्यावर गोंधळ होत नाही.

मोजपट्टी घरी बनवा

दुकानात मिळणाऱ्या मोजपट्ट्या महाग असतात आणि बहुतेक ६० सेंमीला संपतात. मराठवाड्यात पीव्हीसी पाइपाला तोटा नाही, त्याचीच पन्हळ करावी.

१. बाहेरचा व्यास ११० मिमी असलेल्या पाइपाचा १०५ सेंमीचा सरळ तुकडा घ्या. उन्हात पडून वाकलेला नको. पाइप दुकानात असे तुकडे भंगाराच्या भावात मिळतात.

२. पाइपावर समोरासमोर दोन रेघा मारा. रेघ सरळ यावी म्हणून दोन्ही टोकांना खुणा करून दोरी ताणून धरा. मग हॅक्सॉने उभा कापा. एका पाइपातून दोन पन्हळी निघतात, दुसरी मित्राला द्या. कापल्यावर कडा किंचित आत ओढल्या जातात. त्याने बिघडत नाही.

३. एका टोकाला १२ मिमी प्लायचा अर्धगोल बसवा आणि दोन स्टेनलेस स्क्रूंनी पक्का करा. साधे लोखंडी स्क्रू एका सहलीत गंजतात. प्लायला ऑइल पेंटचे दोन हात द्या.

४. शून्य म्हणजे प्लायचा आतला पृष्ठभाग. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. पाइपाच्या कापलेल्या टोकापासून मोजायला सुरुवात केली, तर प्रत्येक मासा प्लायच्या जाडीएवढा, म्हणजे १.२ सेंमीने मोठा निघतो.

५. दर १ सेंमीला आखूड रेघ, ५ ला लांब, १० ला आकडा. नुसत्या मार्करची शाई खाऱ्या पाण्याने आणि उन्हाने उडते, म्हणून आधी हॅक्सॉच्या पात्याने हलकी खाच पाडा आणि मग खाचेत शाई भरा.

६. शाळेतली ३० सेंमीची स्टीलची पट्टी तळाला टेकवून ३०, ६० आणि ९० चे आकडे तपासा. कडा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, नाहीतर माशाची साल खरवडते आणि आपली बोटंही.

पन्हळीचा फायदा असा की मासा आपोआप मधोमध सरळ पडतो आणि तडफडला तरी बाहेर उडत नाही. सपाट फळीवर हे दोन्ही साधत नाही.

चार-पाच किलोंच्या पुढचा मासा या पन्हळीत मावत नाही. त्यासाठी चटई हवी. शेततळ्याच्या अस्तरीकरणातून उरलेला ५०० मायक्रॉनचा कागद यासाठी फार चांगला: गुळगुळीत, न ताणणारा, गुंडाळून पिशवीत मावणारा. १३० बाय ५० सेंमीचा तुकडा कापून पांढऱ्या पेंट मार्करने रेघा ओढा. हा कागद काळा असतो, कोकणातल्या दुपारी तव्यासारखा तापतो. मासा ठेवण्याआधी दोन तांबे समुद्राचं पाणी ओता. ही पायरी वगळली तर सोडलेला मासा जगण्याची शक्यता कमी होते.

घेरासाठी शिंप्याची टेप पुरते, पण फायबरची घ्या. कापडी टेप भिजून वाळून बदलते. टेपच्या टोकाला असलेल्या पत्र्याच्या चिमट्यामुळे कधी कधी सुरुवातीचे दोन-तीन मिलिमीटर खाल्लेले असतात, तेही स्टीलच्या पट्टीशी ताडून बघा. टेप विसरली तर नायलॉनची बारीक दोरी गुंडाळून चिमटीत धरायची आणि पन्हळीवर मोजायची. सुतळी नको, ती ओली झाली की लांबी बदलते.

काट्याचं काय? सामान तोलायचा हाताचा डिजिटल काटा खरेदीच्या दिवशीच तपासून घ्या. रिकामा ५ लिटरचा कॅन तोला, मग मापाने नेमकं ५ लिटर पाणी भरून तोला. दोन्हींतला फरक ५ किलो यायला हवा. हे घरच्या गोड्या पाण्यावरच करा. समुद्राच्या पाण्याचा लिटर साधारण १ किलो २५ ग्रॅम भरतो, त्यामुळे किनाऱ्यावर तपासलात तर चांगल्या काट्याला उगाच दोष द्याल.

लांबी कुठून कुठपर्यंत

लांबी तीन प्रकारे मोजतात आणि तिन्हींचे आकडे वेगळे येतात. एकूण लांबी म्हणजे बंद तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या शेवटच्या टोकापर्यंत. खाचेपर्यंतची लांबी म्हणजे तोंडापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत. प्रमाण लांबी शेपटीचा पर सुरू होतो तिथे संपते, ती अभ्यासकांच्या कामाची. आपल्याला पहिल्या दोनच लागतात.

जिताडा आणि गोबरा यांची शेपटी गोल असते. खाचच नाही, म्हणून पहिल्या दोन्ही लांब्या एकच. सुरमई, बांगडा, कुपा यांची शेपटी खोल दुभंगलेली असते, तिथे दोन्हींत ठळक फरक पडतो. सुरमईच्या शेपटीची टोकं बऱ्याचदा तुटलेली किंवा चिमटलेली असतात, त्यामुळे तिची एकूण लांबी भरवशाची नसते. खाचेपर्यंतच मोजावी. कुठलाही तक्ता वाचताना तो कोणत्या लांबीचा आहे, हे आधी पाहा. नियमाचा आकार तपासतानाही हेच.

मोजताना तोंड मिटलेलं हवं आणि ते शून्याच्या फळीला टेकलेलं हवं. टेप माशाच्या पोटावरून वळवून मोजू नका. फुगलेल्या अंगावरून टेप गेली की लांबी सहज ३ ते ५ टक्के वाढते. ५ टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण वजन लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं: १.०५ गुणिले १.०५ गुणिले १.०५ म्हणजे जवळपास १.१६. लांबीवरून वजन काढणाऱ्याचा चार किलोचा मासा असा बसल्या जागी साडेचारच्या वर जातो.

घेर

अंगाचा सर्वांत जाड भाग बहुतेक माशांत पाठीवरच्या पहिल्या पराच्या सुरुवातीजवळ असतो. टेप तिथे गुंडाळा, छातीचे पर अंगाला चिकटवून टेपखाली घेऊ नका, ते मागे सारा. टेप अंगाला लागली पाहिजे, रुतली नाही पाहिजे. पोटात नुकतंच गिळलेलं भक्ष्य असेल किंवा गाभोळी भरलेली असेल, तर घेर वाढतो आणि वजनही खरंच वाढलेलं असतं, म्हणून तो आकडा चुकीचा नाही. पोटात हवा भरून फुगलेला मासा मात्र वेगळा. खोल पाण्यातून झपाट्याने वर काढलेल्या गोबऱ्याचं असं होतं. हवेचं वजन नगण्य असतं, त्याचा घेर घेऊन उपयोग नाही.

सूत्र

वजन (ग्रॅम) = लांबी × घेर × घेर ÷ २९

लांबी आणि घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. परदेशी पुस्तकांत आणि व्हिडिओंत इंचांचं सूत्र असतं, लांबी गुणिले घेराचा वर्ग भागिले ८००, आणि उत्तर पौंडात. तेच आपल्या मापात आणलं की भाजक २८.९ येतो, म्हणून २९.

हा २९ कुठून आला? मासा पूर्ण गोल नळा असता, तर त्याचं घनफळ लांबी × घेर × घेर ÷ १२.५७ भरलं असतं. माशाच्या अंगाचं वजन पाण्याच्या जवळपास असल्याने तेवढेच ग्रॅम झाले असते. पण मासा डोक्याकडे आणि शेपटीकडे निमुळता होतो, त्या नळ्याचा ४३ टक्क्यांच्या आसपासच भाग भरतो. म्हणून भाजक मोठा. हे लक्षात आलं की कुठल्या माशाला सूत्र लागू पडेल आणि कुठल्याला नाही, हे स्वतःच ओळखता येतं. लांबट, सडपातळ माशाला भाजक ३२ च्या आसपास घ्यावा. वाकटीसारखा पट्टीसारखा मासा किंवा पाकट यांना हे सूत्र लावायचंच नाही.

उदाहरण घेऊ. जिताडा, लांबी ७० सेंमी, घेर ४२ सेंमी. ४२ × ४२ = १७६४. त्याला ७० ने गुणलं की १,२३,४८०. भागिले २९, म्हणजे ४,२५८ ग्रॅम. सव्वाचार किलो म्हणा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर वीस सेकंद लागतात. ग्रॅमपर्यंतचा आकडा मिरवू नका, या पद्धतीत पाच-दहा टक्के इकडेतिकडे होतातच.

घेर घ्यायला वेळ नसेल तर

मासा लगेच सोडायचा असेल तर फक्त लांबी घ्या. जिताड्याची एकूण लांबी आणि वजन यांचं ढोबळ गणित असं: ५० सेंमीला दीड किलो, ६० ला अडीच, ७० ला चार, ८० ला सहा, ९० ला साडेआठ, १०० ला साडेअकरा. सुरमईचं, खाचेपर्यंतच्या लांबीवर: ६० ला दीड-पावणेदोन, ८० ला पावणेचार-चार, १०० ला साडेसात. दोन्ही माशांत लांबी दुप्पट झाली की वजन जवळपास आठपट होतं. ५० चा दीड किलोचा जिताडा १०० ला पोचतो तेव्हा साडेअकराचा होतो, तीन-चारचा नाही. मोठ्या माशाच्या बाबतीत नजर फसते ती याच ठिकाणी.

दुसऱ्या कुठल्या माशासाठी असं गणित हवं असेल, तर फिशबेस या खुल्या संकेतस्थळावर माशाचं शास्त्रीय नाव टाकून लांबी-वजनाचे दोन आकडे मिळतात, अ आणि ब. वजन = अ × लांबीचा ब वा घात. ब बहुतेक वेळा ३ च्या जवळ असतो. एकाच माशासाठी वेगवेगळ्या समुद्रांतले आकडे दिलेले असतात, त्यांतले भारताच्या किनाऱ्यावरचे निवडा आणि ते एकूण लांबीचे आहेत की खाचेपर्यंतचे, तो रकाना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. शास्त्रीय नावं पाठ करायची गरज नाही, जिताड्याचं लेट्स कॅल्कॅरिफर आणि मोठ्या सुरमईचं स्कोंबेरोमोरस कॉमर्सन एवढी दोन वहीत लिहून ठेवली तरी पुष्कळ काम होतं.

सराव: शेततळं आणि मासळीबाजार

इथे मराठवाड्यातल्या माणसाला खरं तर सोय जास्त आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला दहा मासे एकाच ठिकाणी, निवांत मोजायला क्वचित मिळतात. शेततळ्यातून मासळी काढायच्या दिवशी ते सहज मिळतात.

काढणीच्या दिवशी टेप, पन्हळ आणि तपासलेला काटा घेऊन जा. एका जातीचे किमान दहा मासे मोजा, त्यांत लहान-मोठे दोन्ही असू द्या. प्रत्येकाची लांबी, घेर, आणि काट्यावरचं खरं वजन वहीत टिपा. मग लांबी × घेर × घेर याला खऱ्या वजनाच्या ग्रॅमने भागा. येणारा आकडा हा त्या माशाचा भाजक. समजा कटला ५२ सेंमी, घेर ३५, वजन २,२५० ग्रॅम: ६३,७०० भागिले २,२५० म्हणजे २८.३. रोहू ४८ सेंमी, घेर २९, वजन १,३८०: भाजक २९.३. मरळ ५० सेंमी, घेर २५, वजन १,०३०: ३०.३. मरळ लांबट असल्यामुळे आकडा वर गेला, हे अपेक्षितच.

दहा माशांचे भाजक २७ ते ३१ च्या दरम्यान आले तर हात बसला. एखादा २४ किंवा ३५ आला तर तो मासा पुन्हा मोजा. २४ बहुधा टेप जास्त आवळल्याने येतो, ३५ ती सैल राहिल्याने किंवा परावरून गेल्याने. सगळेच आकडे एका बाजूला झुकले असतील तर दोष पन्हळीच्या शून्यात किंवा काट्यात शोधा.

दुसरा सराव डोळ्यांचा. मासा समोर आला की आधी लांबी मनात ठरवून वहीत लिहायची, मगच मोजायची. सुरुवातीला बहुतेक जण मोठ्या माशाला जास्त आणि लहानाला कमी धरतात. तीस-चाळीस माशांनंतर आपला कल कुठे आहे, ते कळतं.

शेततळं नसेल तर बाजार आहेच. पैठण, माजलगाव, नांदेड अशा धरणांजवळच्या गावांत सकाळी ताजी मासळी येते. विक्रेत्याला गर्दी ओसरल्यावर विचारलं तर टेप लावू देतात, त्यातला एखादा मासा विकत घेतला तर जास्तच. धरणावर स्वतः गळ टाकायचा असेल तर आधी परवानगीचं बघा. जलाशयातली मासेमारी सहसा सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. जायकवाडीचा नाथसागर शिवाय पक्षी अभयारण्य आहे, तिथे वन विभागाचेही नियम लागतात. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी केली की चित्र स्पष्ट होतं.

फोटोवरून आकार

हात लांब करून धरलेल्या माशाचा फोटो म्हणजे शुद्ध फसवणूक, आणि ती मोजताही येते. कॅमेरा माणसापासून २.१ मीटरवर आहे, मासा त्याच्या पुढे ६० सेंमी धरलाय, म्हणजे कॅमेऱ्यापासून १.५ मीटरवर. २.१ भागिले १.५ म्हणजे १.४. मासा माणसाच्या मानाने ४० टक्के लांब दिसतो, आणि वजनाचा अंदाज त्या लांबीवरून बांधला तर तो पावणेतीनपट होतो. चार किलोचा मासा अकराचा!

खरा आकार काढण्याजोगा फोटो घ्यायचा असेल तर मासा चटईवर आडवा ठेवा आणि त्याच्या शेजारी, त्याच पातळीवर, माहितीच्या लांबीची वस्तू ठेवा. रॉडच्या मुठीपासून वर दर १० सेंमीला रंगीत टेपचं वेढं मारून ठेवलं तर वेगळी वस्तू शोधावी लागत नाही. १० रुपयांचं दोन धातूंचं नाणं २७ मिमीचं असतं, पण लहान वस्तूच्या मापात किंचित चूक झाली तरी ती मोठ्या माशाला अनेकपट होऊन लागते, म्हणून संदर्भ जितका लांब तितका बरा. मोबाइल बरोबर वरून, निदान दीड मीटर उंचीवरून धरा. ०.५ ची रुंद लेन्स वापरू नका, ती कडेच्या वस्तू ताणते, आणि माशाचं डोकं-शेपूट नेमकं कडेलाच असतं.

नंतर स्क्रीनवर पट्टी ठेवून दोन्ही मोजा. मासा १२.६ सेंमी, रॉडवरचा ३० सेंमीचा भाग ५.४ सेंमी दिसला, तर १२.६ ÷ ५.४ × ३० = ७० सेंमी.

रॉडवर मासा किती जोरात ओढतो, यावरून मात्र काही ठरवू नका. ओहोटीच्या वाहत्या पाण्यात दोन किलोचा शिंगाळाही पाचचा वाटतो.

हाताळणी

मोजायचं सगळं सामान मासा पाण्याबाहेर येण्याआधीच पसरलेलं हवं. हात ओले करा. लांबी, घेर, फोटो असं मिळून अर्ध्या-पाऊण मिनिटात उरकलं पाहिजे. जड मासा जबड्याला धरून उभा लटकवला तर त्याचा मणका आणि आतडी ताणली जातात, दोन्ही हातांवर आडवा घ्या. तोलायचाच असेल तर ताडपत्रीच्या झोळीत घालून, झोळीचं ओलं वजन वजा करा.

गोड्या पाण्यातल्या सवयी इथे महाग पडतात. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि छातीकडचे दोन असे तीन काटे विषारी असतात. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते. सुरमईच्या तोंडात बोट घालायचं नाही, गळ लांब पकडीनेच काढायचा. पाकटाच्या शेपटीजवळही जायचं नाही, तंगूस म्हणजे गळाची दोरी कापून टाका. काटा लागलाच तर तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आसपास, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्याने वेदना उतरते. पाण्याचा चटका आधी दुसऱ्या हाताने तपासा, कारण काटा लागलेल्या जागेला संवेदना नीट राहत नाही. त्यानंतर दवाखाना गाठायचाच.

भरती, हवामान आणि नियम

मराठवाड्यातून गेलेल्या माणसाला सगळ्यात मोठा धोका भरतीचा, कारण धरणाचं पाणी दर सहा तासांनी चढत-उतरत नाही. मुंबईच्या भरतीचा जुना हिशोब घरातल्या दिनदर्शिकेवर करता येतो: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. षष्ठीला ६ × ¾ = साडेचार, पहाटे आणि संध्याकाळी. अष्टमीला सहा. त्यानंतर सहा तासांच्या थोडं पुढे ओहोटी. हा अंदाज आहे. रत्नागिरी-मालवणकडे भरती मुंबईच्या आधी येते आणि खाडीत आत गेलात तर उशिरा. नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरतीचे तक्ते किंवा त्यावर आधारलेलं ॲप वापरा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे पाण्याचा मोठा चढउतार, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान. मुंबईकडे उधाणाचा चढउतार चार मीटरच्या वर जातो, मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो.

पाणी एकसारखं चढत नाही. सहा तासांचे बारा भाग धरले तर पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे चार मीटरच्या भरतीत मधल्या दोनच तासांत दोन मीटर पाणी वाढतं. ओहोटीला चालत गेलेला खडक याच दोन तासांत बेट होतो. परतायची वाट भरती सुरू झाल्यावर पहिल्या तासातच धरावी.

लाटांचा इशारा हैदराबादची इन्कॉइस संस्था देते. तिच्या 'समुद्र' ॲपवर उंच लाटा आणि लांबून येणाऱ्या फुगवट्याच्या सूचना मिळतात. आकाश निरभ्र असतानाही असा फुगवटा खडकावरच्या माणसाला ओढून नेतो. म्हणून हवामान खात्याचा पावसाचा अंदाज तेवढा बघून निघू नये. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ मोबाइलमध्ये आधीच साठवा.

नियमांपैकी तीन लक्षात ठेवा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. ती नौकांसाठी आहे, पण त्या दिवसांत खवळलेला समुद्र बघता काठावरूनही जाऊ नये. दुसरं, महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींचे किमान कायदेशीर आकार ठरवले. ती यादी मत्स्यव्यवसाय विभागाकडून घेऊन पन्हळीवर त्या-त्या लांबीला रंगीत खूण करून ठेवा, मग मासा ठेवायचा की सोडायचा यावर चर्चाच उरत नाही. तिसरं, वन्यजीव कायद्याने काही मासे पूर्ण संरक्षित आहेत: बहिरी म्हणजे व्हेल शार्क, करवतीसारखं तोंड असलेले मासे, महाकाय गोबरा. चुकून लागले तर मोजमाप-फोटो काही न करता सोडायचे. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे कुठे गळ टाकता येतो हे स्थानिक वन कार्यालयाला विचारल्याशिवाय जाऊ नका.

वजन कळल्यावर

ठेवलेल्या माशांच्या एकूण वजनाएवढाच बर्फ घ्या, किलोला किलो. दिवसभराचा प्रवास आणि उन्हाळा असेल तर दीडपट. थर्माकोलच्या पेटीत तळाला बर्फ, मग मासा, वर पुन्हा बर्फ, आणि वितळलेलं पाणी निघून जायला खाली भोक. पाण्यात डुंबत राहिलेला मासा अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, पुढे येईपर्यंत मऊ पडतो. पोट साफ करूनच पेटीत भरणार असाल तर लांबी-घेर त्याआधी घ्या, नंतरचा घेर निरुपयोगी असतो. मासा ताठरून वाकडा झाला की लांबीही नीट येत नाही.

वजनाचा दुसरा उपयोग ड्रॅगसाठी, म्हणजे किती ताण आला की रीलने दोरी सोडायची ते ठरवायला. रीलवरच्या दोरीवर २० पौंड लिहिलं असेल तर ती साधारण ९ किलोची. पौंडांना २.२ ने भागायचं. ड्रॅग त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर लावावा, म्हणजे सव्वादोन ते तीन किलो. तोच सामानाचा काटा दोरीच्या टोकाला अडकवा, रॉड तिरपा धरून ओढा आणि रील सुटायला लागते तेव्हाचा आकडा वाचा. हाताने ओढून "बरोबर वाटतंय" म्हणणाऱ्यांचा ड्रॅग बहुतेकदा गरजेपेक्षा कितीतरी घट्ट असतो, आणि पहिल्याच धावेत गाठ सुटते. ब्रेडची, म्हणजे विणलेली, दोरी ताणत नाही, तिच्यावर पाव हिश्श्याच्या वर जाऊ नये. लीडरची, म्हणजे गळाजवळच्या जोडदोरीची, गाठ बांधल्यावर हा आकडा पुन्हा एकदा काट्यावर बघा, कारण दोरी तुटते ती जवळपास नेहमी गाठीतच.